डोंगरात जागा घेताना: उतार, पाणी, रस्ता आणि शेजार

डोंगरातली जागा बहुतेक लोक चुकीच्या ऋतूत पाहतात. आकाश निरभ्र, रस्ता कोरडा, समोरची शिखरं स्वच्छ. दलालही नेमका अशाच दिवसांत फोन करतो. मग भाव ठरतो तो नजाऱ्यावर. तिथे राहता येईल की नाही हे मात्र तीन गोष्टी ठरवतात: पायाखालचा उतार, वर्षातल्या सगळ्यात कोरड्या आठवड्यात मिळणारं पाणी आणि दारापर्यंतचा रस्ता. यांतलं काहीच पूर्णपणे तुमच्या हद्दीत नसतं. उतार वरच्या शेजाऱ्याकडून सुरू होतो, झरा भलत्याच्याच जमिनीत असतो, रस्ता चार जणांच्या रानातून येतो. म्हणून खालच्या जवळजवळ प्रत्येक पायरीत जमिनीबरोबर माणसांचीही चौकशी आहे.

१. तुम्हाला तिथे जमीन घेता येते का?

जागा आवडण्याआधी हे पाहा, कारण आवडल्यावर माणूस पळवाटा शोधू लागतो. डोंगराळ भागांत बाहेरच्यांनी जमीन घेण्यावर बऱ्याच ठिकाणी बंधनं आहेत. हिमाचल प्रदेशात १९७२च्या कूळकायद्याच्या कलम ११८नुसार तिथला शेतकरी नसलेल्याला राज्य सरकारच्या परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. स्वित्झर्लंडमध्ये २०१२ साली सार्वमत झालं आणि ज्या गावात सुट्टीपुरती वापरली जाणारी घरं एकूण घरांच्या २० टक्क्यांवर गेली आहेत, तिथे तशी नवी घरं बांधण्यावर बंदी आली.

‘स्थानिकाच्या नावावर घेऊ, मागाहून बघू’ हा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. कागदावर ज्याचं नाव, जमीन त्याची. आणि भारतात असा व्यवहार बेनामी ठरला तर मालमत्ता सरकारजमा होऊ शकते. जमीन शेतीची आहे की बिनशेती, वनखात्याच्या हद्दीला लागून आहे का, पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील क्षेत्रात येते का, या तीन प्रश्नांची उत्तरं संबंधित कार्यालयातून लेखी घ्या. तोंडी ‘काही अडचण नाही’ला अर्थ नसतो.

२. एक वाईट ऋतू भाड्याने काढा

बर्फाच्या भागात ऐन हिवाळा, पावसाच्या भागात मुसळधार महिने आणि त्यानंतर उन्हाळ्याची अखेर. दोन्ही टोकं पाहायला मिळाली तर उत्तम. या काळात नोंदवहीत लिहायच्या गोष्टी साध्या आहेत: वीज किती वेळा आणि किती तास गेली, रस्ता किती दिवस बंद होता, फोनला रेंज कुठे मिळते, दवाखान्यात पोचायला प्रत्यक्ष किती वेळ लागला. नकाशावरच्या अंतरावर विसंबू नका. घाटात ताशी वीस-पंचवीस किलोमीटर धरून चाला.

उंचीही अंगाला विचारून पाहावी लागते. दर १,००० मीटर चढाला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं. २,००० मीटरवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे डाळ-भात शिजायला प्रेशर कुकर लागतोच. २,५००च्या वर काही जणांना विरळ हवेचा त्रास सुरू होतो. घरात हृदयाचा किंवा श्वासाचा आजार असलेलं कुणी असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, व्यवहार नंतर करा. साध्या इंजिनावरचा जनरेटर दर हजार मीटरला दहाएक टक्के ताकद गमावतो, हेही खरेदीच्या यादीत धरायला हवं.

३. उतार मोजा आणि जमीन वाचा

उतार डोळ्यांनी कळत नाही. डोळा तो कधी दुप्पट दाखवतो, कधी निम्मा. दोन मीटरची सरळ पट्टी आणि गवंड्याची पाणसळ एवढं पुरतं. पट्टीचं एक टोक जमिनीला टेकवा, पाणसळ लावून पट्टी आडवी करा आणि दुसऱ्या टोकाखालची उंची मोजा. ५० सेंटिमीटर भरली तर उतार २५ टक्के. जागेवर दहा-बारा ठिकाणी मोजा. १५ टक्क्यांपर्यंत बांधकाम फारसं अवघड जात नाही. १५ ते ३० टक्क्यांमध्ये पायऱ्यांचा पाया आणि संरक्षक भिंती लागतात. ३०च्या पुढे भू-तांत्रिक अभियंत्याकडून मातीची तपासणी झाल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नका. अनेक ठिकाणचे बांधकाम नियम ठरावीक उताराच्या वर परवानगीच देत नाहीत, तेव्हा मोजलेला आकडा नियमाशीही ताडून पाहा.

मोजून झालं की जमिनीच्या खुणा पाहा. झाडांचे बुंधे तळाशी वाकून मग सरळ वर गेलेले, विजेचे खांब एकाच दिशेला कललेले, बांधाच्या भिंतीला पोट आलेलं, वरच्या अंगाला चंद्रकोरीसारखी भेग, कोरड्या दिवसांतही मध्येच ओलसर राहणारा पट्टा: यांतलं एकच दिसलं तर दुसरी कारणंही असू शकतात (बर्फाच्या भारानेही बुंधे वाकतात), पण दोन-तीन एकत्र दिसली तर जमीन सरकते आहे असंच धरा. जवळपासच्या घरांत दारं-खिडक्या घासतात का, हे विचारा. जुन्या भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोकून अंतर तारखेसह लिहून ठेवलं, तर एका पावसाळ्यात उत्तर मिळतं.

डोंगरातल्या सपाट जागेने हुरळून जाऊ नका. ती सपाट का झाली हा पहिला प्रश्न. घळीच्या तोंडाशी पंख्यासारखी पसरलेली जमीन सपाट असते, कारण ओढ्याने आणलेला राडारोडा तिथे साचत आला आहे. तो पुन्हा येणार. उताराच्या मध्येच लागणारी रुंद पायरी कित्येकदा जुन्या दरडीचा ढीग असते. उत्तराखंडातलं जोशीमठ अशाच जुन्या दरडीच्या राड्यावर वसलं आहे. १९७६ साली सरकारने नेमलेल्या मिश्रा समितीने हे सांगून तिथे मोठ्या बांधकामांना आवर घालायला सांगितलं होतं. जानेवारी २०२३मध्ये शेकडो घरांना तडे गेले. जमीन बदललेली नव्हती, वरचा भार आणि जमिनीत मुरणारं पाणी वाढलं होतं.

पाणी हेच दरडीचं मुख्य कारण. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की त्या पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून सुटं करू पाहतो, घर्षण कमी होतं आणि कालपर्यंत उभा असलेला उतार सुटतो. त्यामुळे तुमच्या जागेच्या वर कोण काय करतो याची चौकशी तुमच्या जागेइतकीच महत्त्वाची. वर नवा रस्ता कापलाय? त्याच्या मोरीचं, म्हणजे रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या नळाचं, तोंड कुठे उघडतं? वरच्या हॉटेलचं सांडपाणी कुठे मुरतं? भर पावसात छत्री घेऊन अर्धा तास वर चढून गेलात तर महिन्याभराच्या कागदी चौकशीपेक्षा जास्त कळेल.

४. पाणी: सगळ्यात कोरड्या आठवड्यात

‘बारमाही झरा आहे’ हे वाक्य डोंगरातल्या प्रत्येक जाहिरातीत असतं. बारमाही म्हणजे किती, हे बादलीने मोजा. उन्हाळ्याच्या अखेरीस, पहिला पाऊस पडण्याआधी, झऱ्याचं सगळं पाणी एका नळीतून २० लिटरच्या बादलीत धरा आणि घड्याळ लावा. बादली १०० सेकंदांत भरली तर दिवसाला सुमारे १७,००० लिटर. आकडा मोठा वाटतो, पण त्याच झऱ्यावर किती घरं आहेत ते विचारा. माणशी दिवसाला १३५ लिटर धरले तर चार जणांना साडेपाचशे लागतात. बागेला, जनावरांना आणि पाहुण्यांना वेगळे.

त्यापुढचा प्रश्न हक्काचा. झरा कुणाच्या जमिनीत, पाइप कुणाच्या शेतातून, पाळी कशी ठरते? कित्येक गावांत हे कुठेच लिहिलेलं नसतं, तरी सगळ्यांना तोंडपाठ असतं. विकणाऱ्याची पाळी जमिनीबरोबर तुम्हाला मिळते की त्याच्याकडेच राहते, हे बाकीच्या वाटेकऱ्यांसमोर विचारा आणि जे ठरेल ते खरेदीखतात लिहून घ्या. नवे लोक इथेच सगळ्यात जास्त चुकतात: झऱ्याच्या तोंडाशी मोटर बसवतात. खालच्या घरांचं पाणी तुटतं आणि वाद कायमचा मागे लागतो.

पाण्याची तपासणी दोनदा करा, एकदा कोरड्या दिवसांत आणि एकदा पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच. दुसऱ्या नमुन्यात कोलिफॉर्म जीवाणू (पाण्यात मैला मिसळल्याचा संशय दाखवणारे) सापडले तर वरच्या बाजूचं शौचालय किंवा गोठा झऱ्याशी जोडलेला असू शकतो. चुनखडीच्या डोंगरात विशेष जपा. तिथे पाणी भेगांतून आणि गुहांतून वाहतं, मातीतून गाळलं जात नाही, त्यामुळे घाण किलोमीटरभर लांबूनही येते.

टाकी वर ठेवली की पंप लागत नाही हे खरं, पण दर १० मीटर उंचीला १ बार दाब चढतो. टाकी ६० मीटर वर असेल तर नळाशी ६ बार. घरगुती जोडण्या, गिझर आणि फ्लश इतक्या दाबावर गळू लागतात. मध्ये एक दाबतोड टाकी (जिथे पाणी उघड्यावर पडून वरचा दाब संपतो) बांधा किंवा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावा. गोठणाऱ्या भागात पाइप तिथल्या गोठणपातळीच्या, म्हणजे हिवाळ्यात जमीन जितकी खोल गोठते त्याच्या, खाली पुरा. ती किती खोल आहे हे जुन्या प्लंबरला ठाऊक असतं.

छपराचं पाणी सोडू नका. १०० चौरस मीटर छपरावर १,००० मिलिमीटर पाऊस पडला आणि २० टक्के वाया गेला असं धरलं तरी ८०,००० लिटर उरतं. अडचण साठवणीची असते, पावसाची नसते.

५. रस्ता

गाडी जागेपर्यंत गेली म्हणजे रस्ता आहे असं होत नाही. बांधकामाचा ट्रक जायला हवा, आगीचा बंब जायला हवा. भरलेल्या ट्रकला १०-१२ टक्क्यांपेक्षा जास्त चढ त्रासाचा, आणि तीव्र वळणावर त्याला साधारण १२ मीटरची त्रिज्या लागते. ट्रक वळत नसेल तर सिमेंट, वाळू, खडी शेवटच्या टप्प्यात डोक्यावरून किंवा खेचरावरून न्यावी लागते. तो खर्च अंदाजपत्रकात धरलेला नसतो आणि घर जोत्यावरच अडकतं.

रस्त्याची वहिवाट नोंदणीकृत कागदावर हवी: रुंदी किती, कुणाच्या कोणत्या जमिनीतून, वाहनासाठी की फक्त पायी, आणि पाइप-वीज त्याच पट्ट्यातून नेता येईल का. पायवाटेच्या हक्कावर गाडी न्यायला सुरुवात केली की शेजारी एक दिवस दगड टाकून ठेवतो, आणि कायदा बहुधा त्याच्या बाजूने असतो.

खासगी रस्त्याची डागडुजी कोण करतं हे विचाराच. डोंगरउताराच्या बाजूचा चर दर पावसाळ्याआधी साफ न केल्यास एका पावसात रस्ता जातो. मोरीचा पाइप निदान ४५ ते ६० सेंटिमीटर व्यासाचा असावा. बारीक पाइप पानांनी तुंबतो, पाणी रस्त्यावरून वाहतं आणि रस्त्याची खालची कड कापून नेतं. खर्चाची वाटणी घरटी करायची की वापराप्रमाणे, यावर वाद ठरलेला. वर्षातून एकदा सगळ्यांनी बसून आकडा ठरवणं आणि एका वहीत लिहिणं, यापेक्षा चांगला उपाय नाही.

६. ऊन, गारठा, आग

उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेला उतार उबदार, उत्तरेकडचा थंड आणि ओला. दक्षिण गोलार्धात उलट. हिवाळ्यातल्या सगळ्यात लहान दिवशी भर दुपारी सूर्य किती वर असेल याचं गणित सोपं आहे: ९० उणे अक्षांश उणे २३.४. अक्षांश ३२ असेल तर साडेचौतीस अंश. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंशांची. समोरचा डोंगर क्षितिजापासून साडेतीन मुठींहून उंच असेल तर त्या दिवसांत दुपारचं ऊन मिळणार नाही. इटलीतल्या विगानेल्ला गावात हिवाळ्यात जवळजवळ तीन महिने ऊन पोचत नाही. २००६ साली तिथल्या लोकांनी डोंगरावर मोठा आरसा बसवून चौकात ऊन पाडलं.

दरीच्या तळाशी रात्री थंड हवा साचते, त्यामुळे तिथे दव आणि हिमकण जास्त. मधला उतार राहायला बहुधा सगळ्यात सुखाचा. जुनी घरं कुठे आहेत ते पाहा. ती उगाच तिथे नसतात.

आग चढावर धावते. उतार दर १० अंशांनी वाढला की वणव्याचा वेग अंदाजे दुप्पट होतो. म्हणून घळीच्या माथ्यावरचं, दरीकडे झुकलेल्या लाकडी सज्जाचं घर फोटोत सुंदर आणि वणव्यात सगळ्यात धोक्याचं. भिंतीपासून दीड मीटरपर्यंत जळण्यासारखं काहीच ठेवू नका, दहा मीटरपर्यंत गवत आखूड आणि फांद्या विरळ ठेवा, जळणाची थप्पी घराला टेकवू नका. बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, हे घर घेतानाच पाहा.

७. मोजणी आणि कागद

उतारावर हद्दीचे दगड सरकतात, ओढे पात्र बदलतात. सरकारी मोजणी करून घ्या आणि त्या वेळी चारही बाजूंचे शेजारी हजर राहतील असं पाहा. नकाशावरचं क्षेत्रफळ आडव्या मापाचं असतं, उतारावरून फिता टाकून मोजलं तर जास्त भरतं. ३० टक्के उतारावर हा फरक चार टक्क्यांच्या वर जातो. विक्रेते दुसरा आकडा सांगतात यात नवल नाही.

मालकीचा शोध निदान तीस वर्षांचा घ्या. डोंगरात वाटण्या बहुतेक तोंडी होतात, भावंडं शहरांत असतात, त्यामुळे सगळ्या वारसांच्या सह्या हव्यातच. गुरांची वाट, पाणवठा, स्मशानाची किंवा देवस्थानाची पायवाट तुमच्या जागेतून जाते का, हे कागदावर सापडत नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं लागतं.

८. बांधताना हमखास होणाऱ्या चुका

निम्मं घर खोदलेल्या घट्ट जमिनीवर आणि निम्मं भरावावर: ही सगळ्यात नेहमीची चूक. भराव वर्षानुवर्षं बसत राहतो, खोदलेली बाजू हलत नाही, आणि तडा बरोबर दोन्हींच्या सांध्यावर जातो. सगळे पाये मूळ घट्ट थरापर्यंत न्या, मग ते पायऱ्यापायऱ्यांचे झाले तरी चालतील. भरावावर अंगण करा, खोली करू नका.

संरक्षक भिंत मातीच्या भाराने क्वचित पडते, मागे साचलेल्या पाण्याने पडते. भिंतीमागे निदान ३० सेंटिमीटर जाडीचा खडीचा थर, खडी आणि माती यांच्यामध्ये गाळणीचं कापड, तळाशी भोकांचा पाइप, आणि भिंतीत दर दीड-दोन मीटरवर पाणी निघायची भोकं. भोकं सिमेंटने बुजवून भिंत ‘साफसुथरी’ करणारे कंत्राटदार असतात. त्यांच्यावर लक्ष ठेवा. सव्वा मीटरच्या वरच्या भिंतीला अभियंत्याचा आराखडा हवाच. बिनचुन्याची दगडी भिंत स्वतःच पाणी सोडते, म्हणून शेताच्या जुन्या बांधांना सिमेंट फासू नका.

सांडपाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्यासाठी जमीन पाणी पिते का ते तपासा. ३० सेंटिमीटर रुंद, पाऊण मीटर खोल खड्डा घ्या, रात्रभर भिजवा, सकाळी तळाशी १५ सेंटिमीटर पाणी घालून पातळी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते पाहा. तासापेक्षा जास्त लागली तर साधा शोषखड्डा तिथे चालणार नाही. एका मिनिटाच्या आत उतरलं तर पाणी न गाळताच खाली जाईल आणि कुणाच्या तरी झऱ्यात निघेल. झऱ्यापासून किंवा विहिरीपासून निदान ३० मीटर लांब आणि खालच्या अंगाला असा खड्डा घ्या.

बर्फाच्या भागात छपराचं गणित वेगळं: बसलेल्या ओल्या बर्फाचा एक मीटर थर म्हणजे दर चौरस मीटरला ३०० किलो किंवा त्याहून जास्त. बर्फ घसरून दारापुढे किंवा शेजाऱ्याच्या वाटेवर पडणार नाही अशी उतरती दिशा ठेवा.

९. गावात राहताना

बाहेरून आलेल्या माणसाचं पहिलं काम बहुतेकदा कुंपण असतं, आणि तिथेच बिघडायला सुरुवात होते. कुंपण घालायचं तर जुन्या वाटेवर फाटक किंवा पायऱ्यांची चढण ठेवा. सामायिक कुरणं, वनं, पाणी यांचे नियम दिसायला ढिले असले तरी फार जुने असू शकतात. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावात १५१७पासून नियम आहे की हिवाळाभर जितकी गुरं आपल्या चाऱ्यावर पोसता येतील तितकीच सामायिक कुरणावर सोडायची. पुढे २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी या गावाचा दाखला दिला होता. असे नियम मोडले तर पोलीस येत नाहीत. पुढच्या बर्फात तुमची गाडी काढायला कुणी येत नाही, एवढंच.

चराची साफसफाई, वणवा अडवायला आधीच गवत जाळून केलेली जाळरेषा, पाइपची दुरुस्ती अशा सामूहिक कामाला स्वतः जा. पैसे देऊन सुटका करून घेता येते, पण मग निर्णय होतात तेव्हा तुम्ही तिथे नसता. गवंडी, सुतार, प्लंबर जवळचेच घ्या. बाहेरचा माणूस स्वस्त पडला तरी मध्यरात्री फुटलेल्या पाइपला तो येणार नाही. घर पाहुण्यांना भाड्याने द्यायचा विचार असेल तर आधी सांगा: गाड्या कुठे उभ्या राहतील, आवाज किती वाजता बंद, जादा पाणी कुठून. कचरागाडी येत नसेल तर काच आणि प्लॅस्टिक आपल्याच गाडीतून खाली न्यायचं.

धोक्याचा इशारा कोण आणि कसा देतो हे पहिल्याच आठवड्यात समजून घ्या, जमायची जागा पाहून या. २८ मे २०२५ रोजी स्वित्झर्लंडमधलं ब्लाटेन गाव हिमनदी आणि दरडीखाली जवळजवळ सगळं गाडलं गेलं. नऊ दिवस आधीच सुमारे ३०० रहिवासी हलवले होते, म्हणून जीवितहानी जवळपास टळली. घरात न बसता निघायचं, हे तिथे ऐकलं गेलं.

१०. घर बंद करून जाताना

मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, सगळे नळ उघडून पाइप रिकामे करा, गिझर आणि फ्लशची टाकी उपसा, सांडपाण्याच्या वळणनळीत गोठणरोधक द्रव ओता. छपराचे पन्हाळे आणि अंगणाची गटारं साफ करा. गॅसचा सिलिंडर सोडवा, उंदरांची भोकं लोखंडी जाळीने बुजवा. एक किल्ली शेजारी ठेवा आणि सोबत कागदावर लिहून द्या: व्हॉल्व्ह कुठे, विजेचं मुख्य बटण कुठे, कुणाला फोन करायचा आणि तुम्हाला न विचारता किती खर्च करायची मुभा आहे.